नावावर वॉरंट आहे का? शोधायचं कसं, निस्तरायचं कसं

वॉरंट म्हटलं की खून, दरोडा आणि बेड्या डोळ्यांसमोर येतात. तालुक्याच्या फौजदारी कोर्टात एखादी सकाळ बसून पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. नावाचा पुकारा होतो, कुणी पुढे येत नाही आणि वॉरंटचा हुकूम होतो. त्या नावांत पतसंस्थेला दिलेला चेक न वटलेला कर्जदार असतो, पोटगी थकवलेला नवरा असतो, अपघाताच्या केसमध्ये तारीख विसरलेला ड्रायव्हर असतो आणि बदली होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला साक्षीदारही असतो. यातल्या कित्येकांना आपल्या नावावर वॉरंट आहे याचा पत्ताच नसतो. समन्स जुन्या भाड्याच्या घरी गेलेलं असतं, नाहीतर ‘पैसे भागवले, आता केस संपली’ अशी समजूत असते. पैसे घेणाऱ्याने केस काढून घेतलेली नसते आणि तारखा पडतच राहतात.

एक गोष्ट आधी पक्की लक्षात ठेवावी. वॉरंट घेऊन येतात पोलीस, पण ते असतं कोर्टाचं. काढतं कोर्ट आणि रद्दही कोर्टच करतं. म्हणून त्याचा शोध कोर्टात घ्यायचा आणि ते निस्तरायचंही कोर्टातच. ठाण्यातली ओळख, पुढाऱ्याचा फोन किंवा चहापाणी यांनी वॉरंट फार तर काही दिवस फायलीत दबतं. रद्द होत नाही.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. खाली दिलेली कलमं नव्या संहितेची आहेत. जुन्या केसच्या कागदांवर जुने आकडे दिसतील, पण वॉरंटची पद्धत जवळपास तीच आहे.

हातात आलेला कागद कोणता?

घाबरण्याआधी कागद नीट वाचा. सगळ्या कागदांचं वजन सारखं नसतं.

पोलिसांची नोटीस: कलम ३५(३) खाली पोलीस चौकशीसाठी हजर राहायला सांगतात. हे वॉरंट नव्हे. नोटिशीप्रमाणे हजर राहिलात तर सहसा अटक होत नाही. अटक करायचीच झाली तर पोलिसांना कारणं लेखी नोंदवावी लागतात. न जाणं मात्र अंगाशी येतं.

समन्स: अमुक तारखेला हजर राहा, असा कोर्टाचा हुकूम. तुम्ही घरी नसाल तर घरातल्या सज्ञान माणसाकडे समन्स देता येतं. पूर्वी त्यासाठी घरातला पुरुषच लागायचा, आता बायकोने किंवा आईने घेतलं तरी ते बजावलं गेलं असं धरतात. त्यामुळे कोर्टाचा कागद कुणी घेतला असेल तर तो त्याच दिवशी तुमच्यापर्यंत पोचेल, एवढं घरात सांगून ठेवा.

जामीनपात्र वॉरंट: यावर रक्कम, किती जामीनदार हवेत आणि कोणत्या तारखेला हजर व्हायचं हे लिहिलेलं असतं (कलम ७३). तेवढ्या रकमेचं बंधपत्र आणि जामीनदार दिले की पोलीसच तुम्हाला सोडतात आणि बंधपत्र कोर्टाकडे पाठवतात.

अजामीनपात्र वॉरंट: कोर्टाच्या आणि वकिलांच्या बोलण्यातलं ‘एनबीडब्ल्यू’. यात सोडायचा अधिकार पोलिसांना नाही, तुम्हाला कोर्टापुढे उभं करावंच लागतं. इथे हमखास गोंधळ होतो. चेक न वटल्याचा गुन्हा जामीनपात्र आहे, मग वॉरंट अजामीनपात्र कसं, असं लोक विचारतात. गुन्हा जामीनपात्र असणं वेगळं आणि तारखांना न आल्यामुळे निघालेलं वॉरंट वेगळं. गुन्हा किरकोळ असला तरी वारंवार गैरहजर राहणाऱ्यावर अजामीनपात्र वॉरंट निघू शकतं.

फरारीची उद्घोषणा: वॉरंट काढूनही माणूस सापडत नाही, तो लपतो आहे असं कोर्टाला वाटलं तर कलम ८४ खाली जाहीर उद्घोषणा निघते. हजर होण्यासाठी किमान ३० दिवस मिळतात. ती गावात जाहीर वाचली जाते आणि घरावरही चिकटवली जाते. पुढे कलम ८५ खाली मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. इथवर येऊ देऊ नये.

बेलिफ कागद घेऊन आला असेल तर तो बहुतेक दिवाणी कोर्टाचा, म्हणजे दाव्याचं समन्स किंवा जप्ती वॉरंट. फौजदारी वॉरंट सहसा पोलिसांच्या हाती असतं.

वॉरंटचे चार नियम

पहिला नियम असा की वॉरंटला मुदत नसते. कलम ७२ प्रमाणे ते लेखी असावं लागतं, त्यावर न्यायाधीशांची सही आणि कोर्टाचा शिक्का लागतो, आणि ते बजावलं जाईपर्यंत किंवा काढणाऱ्या कोर्टाने रद्द करेपर्यंत जिवंत राहतं. ‘दहा वर्षं झाली, आता काय होतंय’ हा हिशेब चुकीचा आहे. आरोपी सापडतच नसेल तर आपल्याकडे केस डॉर्मंट फायलीत टाकतात. तो सापडला की फाईल पुन्हा वर येते.

दुसरा नियम, ते भारतात कुठेही बजावता येतं (कलम ७९). साताऱ्याच्या कोर्टाचं वॉरंट सुरतेत किंवा मडगावात चालतं.

तिसरा नियम, कोर्टाने पायरी सोडायची नसते. २००७ साली इंदर मोहन गोस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खासगी फिर्यादीत आधी समन्स, ते टाळलं तर जामीनपात्र वॉरंट आणि माणूस मुद्दाम कोर्ट टाळतोय अशी खात्री झाली तरच अजामीनपात्र वॉरंट काढावं. कलम ९० प्रमाणे समन्सऐवजी वॉरंट काढताना कोर्टाला कारणं लेखी नोंदवावी लागतात. तुम्हाला समन्स मिळालंच नसेल, तर वॉरंट रद्द करून घेताना हा मुद्दा वकिलाच्या हाती भक्कम असतो.

चौथा नियम, वॉरंट सुट्टीच्या दिवशीही बजावता येतं. निवडणूक जाहीर झाली की प्रलंबित अजामीनपात्र वॉरंटं बजावण्याची मोहीम निघते. मुंबईतली ‘ऑल आऊट’ किंवा पुण्यातली ‘कोम्बिंग’ कारवाई झाली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत किती वॉरंटं बजावली त्याचा आकडा असतो. वर्षानुवर्षं पडून राहिलेली वॉरंटं अशा रात्री बाहेर येतात.

शोध कसा घ्यायचा?

१. केस कुठल्या कोर्टात असू शकते, ते आधी ठरवा. ‘ई-कोर्ट्स’ या कोर्टांच्या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा न्यायालयातल्या केस नावाने शोधायच्या तर जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडावं लागतं, म्हणून हा विचार आधी हवा. पोलीस केस त्या ठाण्याच्या हद्दीतल्या कोर्टात असते. पोटगीची केस बहुधा बायको राहते त्या गावच्या कोर्टात असते. चेकच्या केसमध्ये लोक हमखास चुकतात. चेक खात्यात भरला गेला असेल तर ज्याला चेक दिला त्याचं खातं ज्या बँक शाखेत आहे, तिथल्या कोर्टात केस होते. म्हणून कर्ज घेतलं नाशकात आणि केस निघाली मुंबईत, असं घडतं.

२. ई-कोर्ट्सचं संकेतस्थळ किंवा मोबाइल अॅप उघडा. सेवा फुकट आहे. जुन्या कागदावर सीएनआर क्रमांक असेल तर तोच टाका. तो १६ अक्षर-आकड्यांचा असतो. सुरुवातीला राज्याची दोन अक्षरं (महाराष्ट्रासाठी ‘एमएच’, गोव्यासाठी ‘जीए’) आणि शेवटी वर्षाचे चार आकडे असतात.

३. क्रमांक नसेल तर ‘पार्टी नेम’ निवडून नाव, वर्ष आणि ‘पेंडिंग’ असं टाका. वर्ष केस दाखल झाल्याचं असतं, म्हणून मागची चार-पाच वर्षं एकेक करून पाहा. इंग्रजी स्पेलिंगवर सगळं अडतं. ‘वाघमारे’ कुणी ‘डब्ल्यू’ने लिहितं, कुणी ‘व्ही’ने. ‘चौधरी’ची तर चार रूपं सापडतील. कुठे आडनाव आधी, कुठे नाव आधी. पूर्ण नाव टाकण्यापेक्षा आडनावातली पक्की तीन-चार अक्षरं टाकून यादी काढा आणि वडिलांच्या नावावरून आपलं नाव ओळखा.

४. केस सापडली की ‘स्टेज’ आणि पुढची तारीख पाहा. ‘समन्स’, ‘बी. डब्ल्यू.’ (जामीनपात्र वॉरंट), ‘एनबीडब्ल्यू’ असे शब्द तिथेच दिसतात. ‘अनरेडी’ म्हणजे आरोपी अजून हजर नसल्याने केस पुढे सरकत नाही. नंतर मागच्या तारखांवर क्लिक करून त्या दिवशीची नोंद वाचा. ‘आरोपी गैरहजर, वकील गैरहजर, अजामीनपात्र वॉरंट काढावे’ एवढ्या एका ओळीत तुमचं सगळं असतं. केस क्रमांकाआधीचं ‘एससीसी’ म्हणजे समरी क्रिमिनल केस, चेकच्या केस बहुतेक याच नावाने असतात. ‘आरसीसी’ म्हणजे रेग्युलर क्रिमिनल केस.

५. संकेतस्थळावर काही दिसलं नाही म्हणजे काही नाही, असं धरू नका. नोंद उशिरा चढते आणि संवेदनशील गुन्ह्यांत नावं झाकलेली असतात. आरोपपत्र दाखल होण्याआधीचा गुन्हा केसच्या यादीत नसतो. त्यासाठी महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रसिद्ध केलेले एफआयआर जिल्हा, ठाणं आणि तारीख टाकून पाहता येतात. संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे एफआयआर संकेतस्थळावर टाकावेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६चा आदेश आहे.

६. खात्री कोर्टातच होते. वकिलाला वकीलपत्र देऊन फाईल पाहायला सांगा. रोजनाम्यात प्रत्येक तारखेचा तपशील असतो: समन्स कोणत्या पत्त्यावर गेलं, कोणत्या शेऱ्याने परत आलं, वॉरंट कधी निघालं. नक्कल विभागात अर्ज करून रोजनाम्याची प्रमाणित प्रत काढून घ्या, पुढे हीच कामाला येते.

७. ठाण्यात विचारणं शेवटी ठेवा. समन्स-वॉरंटचं काम पाहणाऱ्या अंमलदाराकडे माहिती असते, पण अजामीनपात्र वॉरंट निघालेलं असेल तर तुम्हाला ताब्यात घेणं त्याचं कर्तव्य आहे. शनिवारी संध्याकाळी एकट्याने चौकशीला जाऊन रात्र कोठडीत काढण्यापेक्षा सोमवारी वकिलाबरोबर कोर्टात उभं राहणं केव्हाही बरं.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अपंग व्यक्ती, कोठडीत असलेली माणसं आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना १९८७च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. दूरध्वनी १५१०० वर करावा.

रद्द करून घ्यायचं कसं?

१. ज्या कोर्टाने वॉरंट काढलं, त्याच कोर्टात वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यायचा असतो. पुढच्या तारखेची वाट पाहू नका. वकील केस बोर्डावर घेण्याची विनंती करून आधीच अर्ज देऊ शकतो.

२. स्वतः हजर राहा. नुसत्या वकिलाच्या अर्जावर वॉरंट रद्द होईलच असं नाही. आरोपी समोर उभा असेल तर निम्मं काम तिथेच होतं, कारण तो टाळतो आहे या शंकेवरच वॉरंट निघालेलं असतं.

३. कारण कागदासह सांगा. आजारपण असेल तर दवाखान्याचा डिस्चार्जचा कागद, घर बदललं असेल तर भाडेकरार किंवा आधारवरचा नवा पत्ता, बदली झाली असेल तर बदलीचा आदेश. ‘काही अपरिहार्य कारणामुळे’ हे वाक्य कोर्टाने शेकडो अर्जांत वाचलेलं असतं.

४. तयारीने जा. कोर्ट दंडाची रक्कम भरायला सांगू शकतं, नवीन जामीनदार मागू शकतं किंवा आधीचं बंधपत्र जप्त करून तुमच्या जामीनदाराला नोटीस काढू शकतं. जामीनदाराचा सातबारा, घराची कर पावती किंवा ऐपतीचा दाखला, रेशन कार्ड, आधार आणि फोटो सोबत असू द्या. कधी जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच हमीवर भागतं, पण त्यावर विसंबू नका.

५. पैसे भागले असतील तर समोरच्याला कोर्टात आणा. बाहेर झालेली तडजोड कोर्टाला आपोआप कळत नाही. फिर्यादीने पुरसिस (कोर्टाला लेखी निवेदन) देऊन केस काढून घेतली किंवा लोकअदालतीत तडजोड नोंदवली, तरच ती संपते.

६. रद्द झाल्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत घ्या आणि वॉरंट परत मागवल्याचं पत्र ठाण्याला गेलं का ते पाहा. ठाण्याच्या वहीत जुनी नोंद राहून गेल्यामुळे रद्द झालेल्या वॉरंटवरही लोक पकडले जातात. ती प्रत काही महिने जवळ बाळगा आणि मोबाइलमध्ये फोटोही ठेवा.

मॅजिस्ट्रेटने अर्ज फेटाळला तर सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालयाचा मार्ग खुला असतो. कलम ४८२चा अटकपूर्व जामीन वेगळा आहे. गुन्हा दाखल होऊन अटकेची भीती असेल तेव्हा तो मागतात. चालू केसमध्ये गैरहजेरीमुळे निघालेल्या वॉरंटवर साधा रस्ता रद्द अर्जाचाच. एकदा फरारी घोषित झालात की अटकपूर्व जामीन सहसा मिळत नाही.

परदेशात असाल तर हे आणखी लवकर करा. वॉरंट प्रलंबित असताना पासपोर्ट नाकारण्याची किंवा जप्त करण्याची तरतूद १९६७च्या पासपोर्ट कायद्यात आहे. दुबईहून किंवा लंडनहून पुढच्या सुट्टीत बघू म्हणणाऱ्याला विमानतळावर उत्तर मिळू शकतं.

पोलीस दारात आले तर

दार उघडा. अटक वॉरंट असेल आणि माणूस घरात असल्याचं सबळ कारण असेल तर घरात येऊ देणं कायद्याने बंधनकारक आहे. नकार दिलात तर पोलीस दार तोडूनही येऊ शकतात. त्यानंतर शांतपणे एवढं करा.

वॉरंट दाखवायला सांगा. कलम ७७ प्रमाणे पोलिसांनी वॉरंटचा आशय सांगायचा असतो आणि मागितलं तर ते दाखवायचंही असतं. कोर्टाचं नाव, केस क्रमांक, रक्कम, सही आणि शिक्का पाहा आणि त्याचा फोटो घेण्याची विनंती करा. नाव, वडिलांचं नाव, वय आणि पत्ता तपासा. पाटील, जाधव, शिंदे अशा आडनावांत एकाच नावाची दोन माणसं एका गावात असतात. चुकीच्या माणसाला नेत असतील तर आधार दाखवा आणि ते लेखी नोंदवायला सांगा. वॉरंट ज्यांच्या नावाचं ते वारले असतील, तर मृत्यूचा दाखला द्या आणि तो कोर्टातही दाखल करा.

पोलिसांच्या छातीवर नावाची पट्टी हवी. अटकेचा मेमो करून त्यावर घरातल्या किंवा वस्तीतल्या एकाची साक्षीदार म्हणून सही घ्यावी लागते. नातेवाइकाला कळवणं पोलिसांचं काम आहे आणि वकिलाला भेटण्याचा तुमचा हक्क आहे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत कोर्टापुढे नेलंच पाहिजे. रविवार असला तरी सुट्टीचं कोर्ट असतं. महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही. अपवादात्मक प्रसंगी महिला अधिकाऱ्याने मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घेतली तरच ती करता येते.

प्रत्येक अटकेला वॉरंट लागतंच असं मात्र नाही. दखलपात्र गुन्ह्यात कलम ३५ खाली पोलीस वॉरंटशिवायही अटक करू शकतात. तेव्हा ‘वॉरंट दाखवा’ म्हणून अडून बसण्यापेक्षा अटकेची कारणं विचारा.

झडतीचं वॉरंट

झडती वॉरंट वेगळं. ते माणसाला पकडण्यासाठी नसतं, वस्तू किंवा कागद शोधण्यासाठी असतं. झडतीवेळी वस्तीतले किमान दोन निःपक्ष पंच हवेत (कलम १०३). त्या घरात राहणाऱ्याला हजर राहू द्यावं लागतं आणि जप्त केलेल्या वस्तूंच्या यादीची प्रत द्यावी लागते. कलम १०५ प्रमाणे आता झडती आणि जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक आहे. पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका आणि कोऱ्या कागदावर तर अजिबात नको. तपासाच्या घाईत अधिकारी कारणं लिहून वॉरंटशिवायही झडती घेऊ शकतो, पण पंच, यादी आणि चित्रीकरण तेव्हाही सुटत नाही.

मोबाइलवर आलेलं ‘वॉरंट’

व्हॉट्सअॅपवर शिक्क्यांनी भरलेला कागद येतो, व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दीतला माणूस ‘तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, कॅमेऱ्यापुढून हलायचं नाही’ म्हणतो आणि पडताळणीसाठी पैसे भरायला सांगतो. कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही. कोर्टाचं समन्स इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवण्याची तरतूद नव्या संहितेत आहे, पण अटक फोनवरून होत नाही. कलम ३५ची नोटीसही व्हॉट्सअॅपवरून देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलं आहे. जामिनाचे पैसे कुणाच्या खासगी खात्यात भरले जात नाहीत, त्याची कोर्टाची पावती मिळते. असा फोन आला तर कापा, कागदावरचा केस क्रमांक ई-कोर्ट्सवर तपासा आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा.

पुन्हा वेळ येऊ नये म्हणून

घर किंवा नंबर बदलला की वकिलाला आणि कोर्टाला लेखी कळवा. तारीख वकिलावर न सोडता स्वतः ई-कोर्ट्सवर पाहा. येणं शक्य नसेल तर त्या दिवशीच्या हजेरीतून सूट मागणारा अर्ज (कलम ३५५) वकिलाकरवी त्याच तारखेला द्या. पुकाऱ्याला आरोपीच्या बाजूने कुणीतरी उभं राहिलं आणि कारण नोंदलं गेलं, तर वॉरंट काढण्याची वेळ कोर्टावर क्वचितच येते.

आणि वॉरंट निघालंच असेल, तर ते माहीत झाल्याच्या आठवड्यातच कोर्टाची पायरी चढा. आपणहून हजर झालेल्या माणसाकडे आणि पोलिसांनी धरून आणलेल्या माणसाकडे कोर्ट एकाच नजरेने पाहत नाही. जामीन द्यायचा की नाही आणि किती रकमेचा, हे त्यावर बरंच ठरतं.